नाव घ्यायला कोण? बेळगाव भागातल्या कॅथलिकांच्या मृतस्मरणाची पार्श्वभूमी

१ नोव्हेंबरला बेळगावात एकाच सकाळी तीन वेगवेगळ्या गोष्टी चालू असतात. एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी माणसांच्या काळ्या दिवसाची सायकल फेरी आणि कॅम्पातल्या चर्चमध्ये सकल संतांचा सण. १९५६ साली याच तारखेला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं आणि तेव्हापासून या दिवसाला इथे दोन रंग आले. आमच्यासारख्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक घरात तिसराही आहे. सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मग दंडाला काळी फीत लावून बाहेर पडलेल्या वडलांची वाट बघणं आणि दुपारी खुरपं, विळा, चुन्याचा डबा घेऊन सगळ्यांनी मिळून सिमेट्रीत जाणं. कारण दुसऱ्या दिवशी, २ तारखेला, मृतात्म्यांचा दिवस.

पावसाळा सरून फार दिवस झालेले नसतात. थडग्यांवर गवत गुडघ्याएवढं वाढलेलं असतं आणि जांभ्या चिऱ्यांचे जुने कट्टे शेवाळाने काळे पडलेले असतात. गवत कापायचं, चिरे घासायचे, चुना मारायचा, दुसऱ्या दिवशी शेवंती वाहायची. संध्याकाळी मेणबत्त्या वाऱ्याने विझतात म्हणून आमची आत्या तेलाच्या डब्याचा पत्रा वाकवून आडोसा करायची. मग फादर पवित्र पाणी शिंपडत ओळीने फिरतात आणि नावं घेतली जातात. शेजारच्या बायका म्हणतात, ‘आज तुमचा म्हाळ.’ आम्हीही ‘होय’ म्हणतो. त्यात चुकीचं काही नाही. फरक एवढाच की म्हाळ सहसा पोटचं किंवा घरचं कोणीतरी घालतं. सिमेट्रीत धर्मगुरूंच्या थडग्यांची ओळ असते आणि ते लग्न करत नाहीत, म्हणून त्यांच्यापैकी कोणालाच लेक ना नातू. त्यांचं नाव घ्यायला कोण? या भागातली मृतस्मरणाची रीत मला या प्रश्नाभोवतीच वाढलेली दिसते.

मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं चर्चपेक्षाही जुनं आहे. बायबलमधल्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात ज्यूंचा सेनापती यहूदा मक्काबी रणात पडलेल्या आपल्या माणसांसाठी वर्गणी गोळा करतो आणि त्यांच्या पापांकरता यज्ञ व्हावा म्हणून दोन हजार चांदीचे द्राख्मा यरुशलेमला पाठवतो. ३८७ साली ओस्तियात मरणपंथाला लागलेली मोनिका आपल्या मुलांना म्हणाली की माझं शरीर कुठेही ठेवा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण काढा. तिचा मुलगा संत ऑगस्टीन याने हे लिहून ठेवलं. त्या काळात दोन फळ्यांची घडीची पाटी असे, तिच्यावर जिवंतांची आणि मृतांची नावं लिहिलेली असत आणि उपासनेत ती वाचली जात. २ नोव्हेंबर ही तारीख फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे मठाधिपती ओदिलो यांनी ९९८ च्या सुमारास आपल्या मठांसाठी ठरवली आणि हळूहळू ती सगळ्या पाश्चिमात्य चर्चची झाली.

इथे एक गोष्ट गोव्याच्या वाटेने आपल्याकडे आली. या दिवशी एका धर्मगुरूने तीन मिस्सा अर्पण करायची मुभा पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४८ साली स्पेन, पोर्तुगाल आणि त्यांच्या ताब्यातल्या मुलखांना दिली. बाकीच्या जगाला ती मिळाली १९१५ साली, पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, पंधरावे बेनेडिक्ट यांच्या हातून. म्हणजे गोव्याचे पाद्री ही रीत पाळत होते तेव्हा इतर बऱ्याच देशांत ती ठाऊकही नव्हती. त्या तिनातली एक मिस्सा सगळ्या मृतांसाठी असते. कुटुंब नाही, यादीत नाव नाही, अशांसाठीसुद्धा.

यादीचाही इतिहास आहे. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, मृतांची नोंदवही ठेवायला सांगितलं. बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या त्याआधीच सुरू झाल्या होत्या. कोण, कधी, कोणते संस्कार मिळून गेला, कुठे पुरला, हे पाद्री आपल्या हाताने लिहायचा. आजही अंत्यविधी झाला की चर्चच्या वहीत नोंद होतेच. त्याच ग्रंथात आणखी एक बारकावा होता. सामान्य माणसाचा देह चर्चमध्ये ठेवताना पाय वेदीकडे, म्हणजे तोंड वेदीकडे. धर्मगुरूचा देह उलटा, डोकं वेदीकडे आणि तोंड लोकांकडे, जसा तो मिस्सेत लोकांकडे वळून आशीर्वाद द्यायचा तसा. लहानपणी एका फादरांच्या अंत्यविधीला मी हे पाहिलं. अंगावर मिस्सेची पूर्ण वस्त्रं, गळ्यात स्तोला हा धर्मगुरूचा लांब पट्टा, हातात जपमाळ. आजी कानात म्हणाली, ‘बघ, अजून आपल्याकडेच बघायलेत.’

आता बेळगावचा भाग. १६३७ साली रोमने विजापूरच्या आदिलशाही मुलखासाठी वेगळा अपोस्तोलिक विकारियात (थेट रोमच्या हाताखालचा धर्मप्रदेश) नेमला आणि त्यावर दिवाडी बेटावरचे मातेउश द कास्त्रो यांना बसवलं. लॅटिन परंपरेतले ते पहिले भारतीय बिशप. पोर्तुगालच्या राजाचा पाद्रोआदो हक्क (बिशप-पाद्री नेमण्याचा) आणि रोमची प्रोपागांडा (धर्मप्रसार बघणारी कचेरी) यांच्यातली चढाओढ तिथूनच या बाजूला पोचली आणि पुढची अडीचशे वर्षं धुमसत राहिली. गोव्याचे पाद्री घाट चढून इकडे यायचे आणि रोमने पाठवलेलेही यायचे. १८३२ पासून बेळगावात इंग्रजांची छावणी वसली. तिच्याबरोबर गोव्याचे बँडवाले, पाववाले, आचारी, शिंपी आले. १८५६ साली सेंट पॉल्स हायस्कूल सुरू झालं, ते जेझुइटांचं, म्हणजे येशूसंघ या धर्मगुरूंच्या संस्थेचं. १८८० च्या दशकात लोंढ्यावरून गोव्याला रेल्वे जोडली गेली आणि येणं-जाणं आणखी वाढलं.

या सगळ्याचा मृतस्मरणाशी संबंध काय? फार जवळचा. इथे आयुष्य घालवलेला एखादा पाद्री म्हातारपणी गोव्यातल्या आपल्या गावी परत गेला, तर त्याचं थडगं तिकडे. जेझुइटाचं नाव त्याच्या संस्थेच्या मृतांच्या यादीत, म्हणजे दुसऱ्याच वहीत. बापाच्या नावाने चालणारी वंशावळ जशी सलग असते, तशी पाद्रींची कधीच नव्हती. ती जोडून धरली लोकांनी, ‘ह्यांनी माझ्या आईला बाप्तिस्मा दिला’, ‘ह्यांनी आमच्या अण्णांना शाळेत घेतलं’ असं सांगत.

मग स्वातंत्र्यानंतर सरहद्दीचा प्रश्न आला. चर्चच्या कारभारात भारतातला मुलूख पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्याच्या आर्चबिशपांच्या हाताखाली ठेवणं अवघड झालं होतं. १९५० मध्ये व्हॅटिकन आणि पोर्तुगाल यांच्यात नवा करार झाला आणि १९ सप्टेंबर १९५३ रोजी बारावे पायस यांनी बेळगाव हा स्वतंत्र धर्मप्रांत केला. मायकल रॉड्रिग्ज हे पहिले बिशप. दोनच वर्षांत, १९५५ च्या सत्याग्रहानंतर, गोव्याची हद्द बंद झाली आणि रेल्वेही थांबली. माझ्या आजीचा भाऊ त्या काळात तिकडे वारला. पत्र हातात पडलं तेव्हा सातव्या दिवसाची मिस्साही होऊन गेली होती. आजीने इथेच, दुसऱ्या चर्चमध्ये, दुसऱ्या पाद्रींकडून, महिन्याची मिस्सा सांगितली. अंत्यविधीला जाता आलं नाही, माती देता आली नाही, पण त्याचं नाव वेदीवर घेतलं गेलं. ती हे सांगायची तेव्हा तिच्या आवाजात दुःखाइतकंच समाधानही असायचं, आणि मिस्सेत नाव घेतलं जाणं म्हणजे काय ते मला तिच्याकडून कळलं. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर ती सगळ्यात आधी त्या थडग्यावर जाऊन आली.

१९७६ मध्ये कारवारचा धर्मप्रांत वेगळा निघाला आणि पुन्हा तेच झालं: इकडे उमेदीची वर्षं घालवलेले काही फादर तिकडचे झाले. तरी १९५३ पासून बेळगावला स्वतःची म्हणता येईल अशी यादी आहे. धर्मप्रांतांच्या डिरेक्टरीत प्रत्येक तारखेसमोर त्या दिवशी वारलेल्या धर्मगुरूंची नावं छापायची पद्धत आहे, म्हणजे वेदीपाशी उभ्या राहिलेल्या फादरला आज कोणाची आठवण काढायची ते दिसतं. १९६७ ते १९९४ अशी सत्तावीस वर्षं बिशप असलेले इग्नेशियस लोबो २०१० मध्ये गेले. ज्यांना त्यांच्या हातून दृढीकरण हा बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार मिळाला अशी माणसं आज स्वतः आजी-आजोबा आहेत.

भाषेचंही बघा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकातल्या कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेपर्यंत, मृतांची मिस्सा लॅटिनमध्ये, काळ्या वस्त्रांत व्हायची आणि न्यायाच्या दिवसाचं ते धडकी भरवणारं स्तोत्र गायलं जायचं. परिषदेनंतर काळ्याच्या जागी जांभळा किंवा पांढरा आला, ते स्तोत्र गेलं आणि लोकांच्या भाषा आल्या. इथे म्हणजे कोंकणी, कानडी, मराठी, इंग्रजी. कोणत्या भाषेत मिस्सा किती, यावरून बाहेर जसं ताणलं जातं तसं आतही कधी कधी ताणलं जातं, हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सिमेट्रीत मी कधी वाद ऐकला नाही. एक बाई कोंकणीत ‘आमच्या बापा’ म्हणते, पलीकडच्या थडग्यापाशी मराठीत जपमाळ चालू असते आणि दोन्ही एकाच वेळी संपतात.

धर्मगुरूंची आठवण चर्चबाहेरही राहते, आणि बेळगावात ती मैदानावर राहिली आहे. सेंट पॉल्सचे माजी विद्यार्थी फादर एडी यांच्या स्मरणार्थ शाळांची फुटबॉल स्पर्धा भरवतात. खेळणाऱ्या पोरांनी त्यांना पाहिलेलं नाही आणि त्यातली बरीचशी ख्रिस्ती नाहीत. पण ‘यंदा फादर एडीला आमची टीम आहे’ असं ती घरी सांगतात. एखाद्या पाद्रीचं नाव मराठी, कानडी, मुसलमान घरांतल्या जेवणाच्या ताटावर दरवर्षी निघावं, याहून मोठं स्मारक मला माहीत नाही.

स्नेह्यांचंही असंच. आजीचं प्रार्थनेचं पुस्तक अजून आमच्याकडे आहे. रबराने बांधलेलं, कारण आत इतके कागद की ते मिटत नाही. फादरांच्या दीक्षाविधीची कार्डं, रौप्यमहोत्सवाची, मग त्यांच्याच महिन्याच्या मिस्सेची. त्यांच्यामध्ये ‘तरुण भारत’मधलं एक कात्रण आहे, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. फोटो आमच्या शेजारीण काकूंचा, ज्यांच्याशी आजीची चाळीस वर्षं भाजी-आमटीची वाटी देवघेव चालली. काकू ख्रिस्ती नव्हत्या. मी एकदा विचारलं, हे इथे चालतं का? आजीने चौथ्या कृतज्ञतास्तवनातली, म्हणजे मिस्सेतल्या मुख्य प्रार्थनेतली, ओळ दाखवली, ज्यांचा विश्वास फक्त देवाला ठाऊक आहे अशा सगळ्या मृतांसाठी तिथे प्रार्थना आहे. ‘ह्यात बसतात त्या,’ ती म्हणाली.

२०२१ च्या एप्रिल-मे मध्ये कोविडने देशभरात शंभराहून जास्त कॅथलिक धर्मगुरू नेले. कित्येकांना चार-पाच माणसांत, प्लॅस्टिकच्या कापडात गुंडाळून पुरलं गेलं. तोंड कुणीकडे, वस्त्रं कोणती, हे बघायची सोय नव्हती. गर्दी टळावी म्हणून व्हॅटिकनने त्या साथीत सिमेट्रीभेटीची कृपा (मृतांच्या पापांच्या शिक्षेतली सूट), जी एरवी १ ते ८ नोव्हेंबरपुरती असते, ती अख्ख्या महिनाभर मिळेल असं केलं. त्या नोव्हेंबरांत आमच्याकडे माणसं दुपारच्या उन्हात एकेकटी येऊन जात. सुगी चालू असायची, शेतातून तशीच यायची, पायाला चिखल, हातात मेणबत्ती.

काही वर्षांपूर्वी एका चर्चमध्ये मृत धर्मगुरूंची जुनी हस्तलिखित यादी कॉम्प्युटरवर नव्याने टाईप झाली. वही वाळवीने खाल्ली होती, त्यामुळे गरजेचंच होतं. २ नोव्हेंबरला फादरांनी ती वाचली आणि पुढे वळणार तोच तिसऱ्या बाकावरून आजी उठून उभी राहिली. तेव्हा ती नव्वदीच्या जवळ होती. ‘एक राहिलं की वो फादर,’ ती म्हणाली आणि तिने नाव सांगितलं. तिच्या लहानपणी घाट चढून आलेल्या, इथेच तापाने गेलेल्या एका गोव्याच्या पाद्रींचं. चर्चमध्ये शांतता झाली. फादरांनी ते नाव मोठ्याने घेतलं, खिशातून पेन काढलं आणि टाईप केलेल्या कागदाच्या तळाशी लिहिलं. आजी आता त्याच सिमेट्रीत आहे, आणि गेल्या वर्षी मी बघितलं तेव्हा कागद तोच होता, ती निळ्या शाईची ओळही तशीच.