शोधगंगावर प्रबंध ठेवताना : पात्रता, कागदपत्रे आणि प्रबंध परत येण्याची कारणे

पीएच.डी.ची मौखिकी होते, पेढे वाटून होतात, आणि पदवीची अधिसूचना मात्र निघत नाही. चौकशी केल्यावर कळते की प्रबंधाची प्रत जमा झाल्याचा ग्रंथालयाचा दाखलाच जोडलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार मूल्यमापन यशस्वीपणे पूर्ण झाल्यानंतर आणि पदवी जाहीर होण्यापूर्वी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे द्यावी लागते. तेथील ‘शोधगंगा’ या खुल्या भांडारात ती कोणालाही विनामूल्य वाचता येते. ‘पदवी जाहीर होण्यापूर्वी’ याचा अर्थ अनेक जण ‘पदवीदान समारंभापूर्वी’ असा घेतात आणि निवांत राहतात. प्रत्यक्षात ही मुदत त्याच्या बरीच आधी संपलेली असते.

ही प्रत विद्यापीठाने द्यायची असते, विद्यार्थ्याने नव्हे. शोधगंगावर स्वतःचे खाते उघडायला जागा शोधत बसू नये. इन्फ्लिबनेटशी करार केलेल्या विद्यापीठाने नेमलेला समन्वयकच प्रबंध चढवतो आणि तो बहुधा ग्रंथालयातच बसतो, मग ते पुण्याचे जयकर ज्ञानस्रोत केंद्र असो की कोल्हापूरचे खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र. संमतिपत्र, मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र, साम्य तपासणीचा (मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो ते दाखवणारा) अहवाल आणि मौखिकीनंतरच्या दुरुस्त्यांसह अंतिम प्रत ही नेहमीची कागदपत्रे आहेत. नमुने प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे असतात, म्हणून मित्राच्या विद्यापीठाचा अर्ज भरून आणू नये.

सर्वाधिक प्रबंध अडतात ते फाँटपायी. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मराठी प्रबंध कागदावर सुरेख दिसतो, पण त्याच्या पीडीएफमधला ‘ग्रामपंचायत’ हा शब्द उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा गोंधळ उमटतो. संगणकाला तो प्रबंध वाचताच येत नाही, मग शोधात तो सापडणार कसा? साम्य तपासणीतही हेच घडते. अहवालात शून्य टक्के साम्य पाहून विद्यार्थी समाधानाने येतो, आणि मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकाला ओळखता येणाऱ्या अक्षरसंकेतात, नसल्यामुळे तपासणी झालीच नाही, हे ग्रंथालयातल्या आम्हाला त्याला सांगावे लागते. शेवटच्या आठवड्यात तीनशे पाने एका झटक्यात रूपांतरित करणे म्हणजे नवे संकट ओढवून घेणे होय, कारण रफार जागा सोडतात, जोडाक्षरे फुटतात, तळटीपा सरकतात आणि अनुक्रमणिकेतले पृष्ठांक खोटे ठरतात. पहिले प्रकरण लिहितानाच युनिकोड वापरावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. नोंदणीच्या दिवशी हे एक वाक्य विद्यार्थ्याला सांगायला कोणत्याही कार्यालयाला काय अडचण आहे, हे मला आजवर उमगलेले नाही.

साम्याच्या टक्क्यांचाही धसका अनाठायी घेतला जातो. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांमध्ये सहा महिन्यांपर्यंतच्या ठरवून दिलेल्या मुदतीत सुधारित प्रत द्यावी लागते, ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. मात्र श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचे सामान्य साम्य हे या टक्क्यांत मोजायचे नसते. हे न वगळता काढलेला अहवाल पाहून चांगली प्रकरणे मोडून लिहिणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. आधी अहवाल पुन्हा काढून घ्यावा.

फाइली प्रकरणवार सुट्या लागतात, त्यांची नावे रोमन लिपीत आणि क्रमाने द्यावी लागतात. त्यातली ‘८०_रेकमेंडेशन’ ही फाइल जवळजवळ प्रत्येकाकडून राहते, कारण नावावरून ती शिफारसपत्राची वाटते. तीत मुखपृष्ठ आणि निष्कर्षाचे प्रकरण एकत्र जोडायचे असते.

कोणाकडेच नसलेला कागद म्हणजे दुसऱ्याचे नकाशे, छायाचित्रे किंवा नियतकालिकात आधी छापून आलेला स्वतःचा लेख प्रबंधात घेण्याची परवानगी. लेख आपला असला तरी हक्क प्रकाशकाला दिलेले असू शकतात. तेव्हा करारपत्र काढून वाचावे आणि गरज असेल तर वेळेत पत्र लिहावे, कारण उत्तराला महिने लागू शकतात. संशोधनावर पेटंट घ्यायचे असेल, तर प्रबंध खुला होण्यापूर्वीच पेटंटचा अर्ज दाखल करावा आणि प्रबंध काही काळ बंद ठेवण्याची लेखी विनंती मार्गदर्शकांच्या सहीने द्यावी. एकदा जगासमोर आलेली गोष्ट कोणत्याही अर्जाने पुन्हा झाकता येत नाही.

शेवटी परिशिष्टे नीट पाहावीत. प्रश्नावली भरून देणाऱ्या स्त्रियांची नावे, गाव आणि फोन क्रमांक तसेच ठेवलेला एक प्रबंध आमच्यापर्यंत आला होता. विद्यार्थिनीने दुसऱ्या दिवशी नावांवर काळी पट्टी ओढून आणली, पण पीडीएफवरच्या पट्टीखालचा मजकूर उचलून चिकटवला की नाव जसेच्या तसे बाहेर येते. तिला मूळ फाइल उघडायला लावली आणि प्रत्येक नावाच्या जागी ‘उत्तरदाती १’, ‘उत्तरदाती २’ असे लिहून नवी पीडीएफ करवून घेतली. संध्याकाळपर्यंत दाखला तिच्या हातात होता.