पेरिसाइट आणि मृदू स्नायूपेशी: केशवाहिनीला कोण सांभाळतं?

रक्तवाहिनीला बाहेरून आधार देणाऱ्या पेशींचा विषय निघाला की पेरिसाइट आणि मृदू स्नायूपेशी ही दोन नावं एका दमात घेतली जातात. दोघी वाहिनीच्या आतल्या अस्तराबाहेर राहतात, दोघी आकुंचन पावू शकतात. गल्लत होणं साहजिक आहे. पण मधुमेहात डोळ्याचा पडदा कसा बिघडतो हे समजून घ्यायचं तर ही गल्लत सोडवावीच लागते.

मृदू स्नायूपेशीचं काम ओळखीचं आहे. धमन्या आणि त्यांच्या बारीक फांद्या, म्हणजे धमनिका, यांच्याभोवती या पेशी मनगटात भरलेल्या बांगड्यांसारख्या एकीला लागून एक बसतात. त्या आवळल्या की वाहिनी अरुंद होते, सैलावल्या की रुंद. कुठल्या अवयवाला किती रक्त जायचं हे बरंचसं इथेच ठरतं. रक्तदाबासाठी घेतात ती अ‍ॅम्लोडिपिनची गोळी याच पेशींना सैल करते.

पेरिसाइटचा मुक्काम त्यापुढे, केशवाहिन्यांवर. तिथे वाहिनीचा व्यास जेमतेम 5 ते 10 मायक्रोमीटर. लाल रक्तपेशीलाही अंग चोरून जावं लागतं. भिंत म्हणजे अस्तरपेशींचा एकच थर. त्यावर पेरिसाइट भिंतीला पाल चिकटावी तशी असते: मधे फुगीर धड आणि वाहिनीवर पसरलेले लांब हात. पेरिसाइट आणि अस्तरपेशी या दोघींभोवती आधारपटल, म्हणजे पेशींना धरून ठेवणारा पातळ थर, हाही सामायिक, आणि जिथे त्याला भोकं आहेत तिथे पेरिसाइटचे खुंट अस्तरपेशीच्या खोबणीत घट्ट बसतात. शार्ल रुजे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1873 मध्ये या पेशींचं वर्णन केलं. पेरिसाइट हे नाव 1923 मध्ये मिळालं. धमनिका संपून केशवाहिनी सुरू होते त्या टप्प्यावर मात्र अधल्यामधल्या रूपाच्या पेशी दिसतात, आणि त्यांना काय म्हणावं यावर संशोधकांत अजून वाद आहे.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो या पेशींचा वाहिनीच्या जन्मातला वाटा. नवी वाहिनी फुटताना अस्तरपेशी पुढे सरकत नळी तयार करतात आणि पीडीजीएफ-बी नावाचं प्रथिन सोडतात. त्या हाकेला ओ देऊन पेरिसाइट येतात. आल्या की अँजिओपोएटिन-1 हे प्रथिन सोडून अस्तराला स्थिरावायला लावतात. अस्तरपेशींमधले सांधे घट्ट होतात, गळती कमी होते. पीडीजीएफ-बी नसलेल्या उंदरांवरचं संशोधन 1997 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांच्यात नळ्या तयार झाल्या होत्या, पण केशवाहिन्यांवर पेरिसाइट नव्हत्या. वाहिन्यांना फुगे आले, त्या फुटल्या आणि पिल्लं जन्माच्या सुमारास दगावली. म्हणजे नळी पेरिसाइटविना होते, टिकत नाही.

शरीरात पेरिसाइटची सर्वांत दाट वस्ती डोळ्याच्या पडद्यात आहे, साधारण एका अस्तरपेशीमागे एक. 1961 मध्ये कोगन, तुसाँ आणि कुवाबारा या संशोधकांनी मधुमेही रुग्णांचे, मृत्यूनंतर मिळालेले पडदे तपासले. ट्रिप्सिन या प्रथिनं पचवणाऱ्या विकराने बाकीची ऊती विरघळवली की काचपट्टीवर फक्त वाहिन्यांची जाळी उरते. तिच्यात अस्तरपेशींची केंद्रकं लांबट आणि फिकट दिसतात, पेरिसाइटची गोल, गडद, कडेला उठून आलेली. मधुमेही डोळ्यांत ही गोल केंद्रकं जागोजागी गायब होती. भिंतीत नुसते रिकामे कप्पे उरले होते. या कप्प्यांना संशोधक पेरिसाइटची भुतं म्हणतात.

माझ्या आईच्या डोळ्यांत थेंब घालून पडद्याचा फोटो काढला, तेव्हा डॉक्टरांनी त्यावरचे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दाखवले. ते केशवाहिन्यांना आलेले फुगवटे. आईला काहीच त्रास नव्हता. चष्मा लावून ती रोज सुईत दोरा ओवत होती. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवला तर पुढचं नुकसान मंदावतं, आणि गळती वाढून सूज आलीच तर डोळ्यात इंजेक्शन देऊन ती कमी करता येते. गेलेल्या पेरिसाइट परत आणणारं औषध मात्र आज नेत्रतज्ज्ञांच्या हाती नाही.