फॉन्ट ओळखायचा तर ‘जी’ आधी बघा

टाइम्स, बास्करव्हिल आणि गॅरामॉन्ड या तीन फॉन्टमध्ये छापलेला एकच इंग्रजी उतारा शेजारी शेजारी ठेवला, तर पानं वेगळी आहेत हे लगेच जाणवतं. पण फरक कुठे आहे, हे पटकन सांगता येत नाही. तिन्हींत अक्षरांच्या टोकांना बारीक आडवे पाय असतात. त्यांना सेरिफ म्हणतात. बहुतेकजण या पायांकडेच बघत बसतात आणि तिथेच फसतात.

वाचताना आपला डोळा अक्षर ओळखून पुढे सरकतो, त्याचा आकार तपशिलात साठवत नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना छापील, दुमजली लहान ‘जी’ची चार रूपं दाखवली आणि त्यातलं खरं कोणतं ते विचारलं. हे अक्षर वर्षानुवर्षं वाचत आलेल्या बहुतेकांना ते ओळखता आलं नाही!

पण फॉन्ट ओळखायला याच अक्षरासारखं दुसरं अक्षर नाही. वर गोल, त्याच्या उजव्या खांद्यावर छोटासा कान आणि खाली फास, एवढे अवयव असल्यामुळे घडवणाऱ्याचा हात इथे मोकळा सुटतो. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने १७५० च्या दशकात घडवलेल्या टाइपात खालचा फास पुरता मिटतच नाही, फट राहते. टाइम्समध्ये तो बंद असतो. तरीही शंका उरली तर मोठा ‘क्यू’ शोधावा. बास्करव्हिलमध्ये त्याची शेपूट अशी ऐटीत लांबवर जाते की मला तरी ते सगळ्या रोमन लिपीतलं सर्वांत देखणं वळण वाटतं.

मग ‘ओ’ बघावा. गॅरामॉन्डमध्ये त्याची रेघ जिथे सर्वांत बारीक होते, ते वरचे-खालचे बिंदू जोडले तर रेघ डावीकडे कललेली येते. रुंद टोकाचा टाक तिरका धरून लिहिताना असंच होतं. बोडोनी या बऱ्याच नंतरच्या टाइपात हीच रेघ सरळ उभी असते, कारण तोवर टाइपाने हस्ताक्षराचं बोट सोडलं होतं.

खरा कस जुळ्यांमध्ये लागतो. लंडनच्या ‘द टाइम्स’ने १९३२ मध्ये वापरात आणलेला टाइप मोनोटाइप आणि लायनोटाइप या दोन्ही कंपन्यांनी काढला. मोनोटाइपच्या मोठ्या ‘एस’चे सेरिफ उभे, लायनोटाइपचे तिरके. बाकी ओळीच्या ओळी वाचल्या तरी फरक सापडणं कठीण.

गॅरामॉन्डच्या बाबतीत तर नावच फसवं ठरलं. क्लोद गॅरामॉन्ड हा सोळाव्या शतकातला पॅरिसचा टाइप घडवणारा. त्याच्या नावाने विसाव्या शतकात निघालेल्या अनेक टाइपांचा मूळ नमुना त्याचा नव्हताच, तो त्याच्यानंतरच्या झाँ जानों या फ्रेंच टाइप घडवणाऱ्याचा होता. १९२६ मध्ये टाइपाच्या इतिहासाच्या अभ्यासक बीट्रिस वॉर्ड यांनी जुने छापील नमुने ताडून हे दाखवून दिलं. जानोंच्या लहान ‘एन’ आणि ‘आर’च्या माथ्यावरचा सेरिफ जास्त उतरता आणि आतून कोरल्यासारखा असतो. मोनोटाइप गॅरामॉन्डमध्ये तो आजही तसाच दिसतो.