ओलं बोट आणि काच: कोकणात टचफोनची पारख कशी बदलत गेली

कोकणातल्या बऱ्याच घरांत पहिला मोबाइल विकत आला नाही, मुंबईहून आला. चाकरमान्याने स्वतःसाठी नवा हँडसेट घ्यायचा आणि जुना गणपतीला येताना पिशवीतून गावी आणायचा, अशी रीतच होती. किंमत दुसऱ्याने मोजलेली असल्यामुळे गावात 'केवढ्याला घेतला?' हे नुसतं कौतुकापुरतं विचारलं जाई. खरा प्रश्न असे, 'पावसात टिकात मां?' ज्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उरलेल्या दिवसांत खारा वारा असतो, तिथे हा प्रश्न आधी येणारच.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला. तेव्हा फोन उचलणाऱ्यालाही पैसे पडत, म्हणून ती चैन खेड्यापर्यंत आलीच नाही. १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं आणि मिस कॉलचं युग सुरू झालं. त्याच वर्षी नोकियाचा ११०० आला. जगभरात त्याचे २५ कोटींहून जास्त नग खपले, पण कोकणासाठीच बनवला असावा असं वाटायला लावणारा तो फोन होता. वरचा कीपॅड रबराचा, अखंड, धूळ आत जाऊ न देणारा. कडेला ओल्या हातातून निसटू नये म्हणून खडबडीत पकड. आणि डोक्यावर टॉर्च. रात्री गोठ्यात जाताना पायाखाली काय आहे ते दाखवणारा उजेड हे त्याचं सर्वांत मोठं फीचर होतं, बोलणं नंतर.

आमच्याकडचा ११०० पडवीतून कितीदा खाली आला याची गणती नाही. पडला की झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे. गोळा करायचं, बसवायचं, चालू. आता विचार केला तर त्यात दोन गोष्टी होत्या. सुटे भाग उडाले की धक्का त्यांच्यातच विरायचा, हा फोनचा गुण. आणि खाली शेणाने सारवलेलं खळं असायचं, हा घराचा. पुढे घरोघरी लादी बसली आणि नेमकी त्याच सुमाराला फोनला काच लागली. हा योगायोग कोकणाला बराच महागात पडला.

टचस्क्रीनची कल्पना मात्र जुनी. इंग्लंडमधल्या माल्व्हर्न इथल्या रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्येच बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याचं वर्णन केलं होतं. आयबीएमचा सायमन हा टचस्क्रीन असलेला फोन १९९४ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. लोकांच्या मनात टचफोन रुजवला तो २००७ च्या आयफोनने. भारतात ऑगस्ट २००८ मध्ये आयफोन थ्री-जी आला तेव्हा त्याच्या ८ जीबी मॉडेलची किंमत ३१ हजार रुपये होती. एवढ्या पैशांत त्या वेळी गोठ्यात एक म्हैस आली असती, अशी तुलना आमच्या पारावर झाल्याचं मला आठवतं.

गावाकडे टच पोचला तो या वाटेने नाही. नोकियाचा ५८०० आणि मग त्याचा स्वस्त भाऊ ५२३३ आला, तो २०१० च्या आसपास. कॉलेजातल्या पोरांच्या हातात पहिला टच तोच. त्याचा पडदा दाबाचा, म्हणजे रेझिस्टिव्ह. वर लवचीक प्लास्टिकचा पापुद्रा, खाली दुसरा थर, मध्ये केसाएवढी फट. दाबलं की दोन्ही थर एकमेकांना टेकतात आणि फोनला जागा कळते. कशाने दाबलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. नख चालतं, बॉलपेनचं टोपण चालतं, कोळंबी सोलून आलेलं ओलं बोटसुद्धा चालतं.

आयफोनमधला आणि आज सगळीकडे असलेला टच कपॅसिटिव्ह. काचेखाली इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक, वीजवाहक थर असतो. बोट जवळ आलं की तिथलं विद्युतक्षेत्र बदलतं आणि तो बदल मोजला जातो. दाबायची गरज नाही, नुसतं फिरवलं तरी पुरे, दोन बोटांनी फोटो मोठा करता येतो. पण पाणीही वीज वाहतं. पडद्यावर थेंब पडले की फोनला ती बोटं वाटतात. नको तो नंबर लागतो, हवा तो लागत नाही. खारं पाणी असेल तर आणखीच. हर्णै किंवा मिरकरवाड्यासारख्या बंदरात पहाटे मासळीच्या भावासाठी फोन लावणाऱ्याचा हात कोरडा कधी असतो? आधी हात लुंगीला पुसायचा, मग फोन शर्टाला पुसायचा, मग नंबर लावायचा.

म्हणजे स्वस्त आणि मागासलेला म्हणून हिणवला गेलेला दाबाचा टचच कोकणाच्या कामाचा होता. तरी तो गेला, आणि त्यात अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. त्याच्या मऊ पापुद्र्यावर खिशातल्या वाळूने चरे उठत, नेम चुकू लागे, आणि दोन बोटांचं काम त्याला जमतच नव्हतं. एक गोष्ट मात्र त्याच्याबरोबर हरवली. टच फुटला तर दुकानदार नुसता वरचा टच बदलून देई, खालचा डिस्प्ले तोच राही. पुढे काच, टच आणि डिस्प्ले एकत्र चिकटवून यायला लागले. त्या अख्ख्या जोडणीला रिपेअरवाले 'फोल्डर' किंवा 'कॉम्बो' म्हणतात. जांभ्याच्या पायरीवर कोपरा आपटला की अख्खा फोल्डर बदला. काच कितीही कडक केली, म्हणजे वितळलेल्या क्षारात बुडवून तिच्यातल्या सोडियमच्या जागी पोटॅशियमचे मोठे अणू ठासून बसवले, तरी चिरा तो चिरा.

मजबुतीचा विचार मागे पडला तो फीचर्सच्या लोंढ्यात. २०१२ चा मायक्रोमॅक्स कॅन्व्हास २ दहा हजारांच्या आत पाच इंची पडदा आणि दोन सिम घेऊन आला. दोन सिम ही शहरात सोय असेल, इथे गरज होती: एका कंपनीची रेंज खाडीकडे, दुसरीची सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर. २०१४ मध्ये मोटो ई ६,९९९ रुपयांना आणि रेडमी वनएस ५,९९९ ला ऑनलाइन मिळू लागला. कुरिअर गावात येत नसे, म्हणून पार्सल पुन्हा मुंबईच्या पत्त्यावर आणि तिथून पिशवीतून गावी. फक्त आता पिशवीत नवा फोन होता. त्याच वर्षीच्या अँड्रॉइड ५.० मध्ये मेनू मराठीत आला. त्याआधीच्या कित्येक फोनवर मराठी मेसेजच्या जागी नुसते चौकोन दिसत. माझ्या मते त्या काळातलं सर्वांत मोठं फीचर हेच, पण दुकानात चर्चा मेगापिक्सेलची चाले. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि म्हाताऱ्यांनाही व्हिडिओ कॉलसाठी टच हवासा झाला.

पाण्याचा प्रश्न कंपन्यांना सुचला तो वरच्या किमतीत. सोनीचा एक्सपिरिया झेड २०१३ मध्ये भारतात आला तो ३८,९९० रुपयांना. सामान्यांच्या आवाक्यातला म्हणावा असा जलरोधक फोन २०१५ चा, तिसऱ्या पिढीचा मोटो जी, ११,९९९ पासून. त्यावर आयपीएक्स ७ असं मानांकन होतं: एक मीटर पाण्यात अर्धा तास. मधला एक्स म्हणजे धुळीची चाचणी दाखवलेली नाही. आणि पाणी म्हणजे गोडं पाणी. समुद्राच्या पाण्याची हमी या आकड्यांत नसते, आणि पाणी शिरल्याने झालेल्या बिघाडाची दुरुस्ती वॉरंटीत बहुधा बसत नाही. खाऱ्या हवेत फोन पाण्यात पडावाही लागत नाही. चार्जिंग जॅकमध्ये दमट मीठ साठतं, हिरवट बुरशीसारखा थर चढतो आणि 'चार्ज होत नाही' म्हणून फोन रिपेअरवाल्याच्या टेबलावर येतो. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय भाताच्या मुलखात लगेच पसरला यात नवल नाही. २०२४ मध्ये ॲपलनेच तसं करू नका, तांदळाचे कण आत जातात, असं सांगितलं. आमच्याकडे मात्र तांदूळ सुरय (न उकडलेला) की उकडा यावर वाद झालेला मी ऐकलाय.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आणखी एक माप पुढे आणलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीत खांब आडवे झाले, कित्येक गावांत वीज आठवडेच्या आठवडे नव्हती. टॉवर बंद, तरी टेकाडावर कुठे एखादी काडी रेंज येई, आणि तेव्हा फोन जिवंत असायला हवा. जुन्या फोनची बॅटरी काढून दुसरी घालता येई. एव्हाना पाठी सगळ्या सीलबंद झाल्या होत्या. गाडीच्या बॅटरीवर, कुणाच्या जनरेटरवर रांगा लागल्या. त्यानंतर आमच्या भागात दुकानात आधी एमएएच, म्हणजे बॅटरीची क्षमता, विचारणारं गिऱ्हाईक दिसू लागलं, आणि काही जण लगेच दुसरं विचारतात: 'ह्येचो फोल्डर केवढ्याक पडतलो?'

ओल्या बोटाचं काय झालं? जानेवारी २०२४ मध्ये वनप्लस १२ भारतात आला. पडद्यावर पाणी असतानाही टच नीट चालतो, ही त्याची खास जाहिरात होती, आणि नंतर तेच कमी किमतीच्या फोनांतही येऊ लागलं. वनप्लस १२ ची किंमत ६४,९९९ पासून सुरू होत होती.