प्रत्येक गाजलेल्या बोधचिन्हात सुवर्ण गुणोत्तर असतं का?

‘प्रत्येक गाजलेल्या बोधचिन्हामागे १.६१८ हे सुवर्ण गुणोत्तर दडलेलं असतं’, असं सांगणारी वर्तुळांची चित्रं वर्षानुवर्षं फिरतात. दिसतात सुंदर, म्हणून पटतात. पण ही वर्तुळं अनेकदा चिन्ह तयार झाल्यावर त्यावर आखलेली असतात.

त्याच चिन्हावर १.५ किंवा १.७ प्रमाणाची वर्तुळं (म्हणजे प्रत्येक वर्तुळ आधीच्या वर्तुळाच्या तितक्या पट मोठं) ठेवून पाहा. तीही कुठे ना कुठे बसतात, कारण कोणती कड मोजायची हे आपणच ठरवतो. उरलेला फरक रेषेच्या जाडीत लपतो.

१९२०च्या दशकातल्या अनेक आधुनिकतावादी आरेखनकारांनी उचलून धरलं ते वेगळंच प्रमाण: १९२२ साली जर्मनीत प्रमाणित झालेल्या कागदाचं, १.४१४. ए-४ कागद मोजा: २९७ भागिले २१० मिलिमीटर. मधोमध दुमडा, प्रमाण तेच राहतं. सुवर्ण आयत, म्हणजे बाजूंचं प्रमाण १.६१८ असलेला आयत, तसाच दुमडला तर मात्र ते १.२३६ होतं.