बडोद्याच्या मराठी तरुणांचं मत मोजायचं कसं?

बडोद्यातल्या एखाद्या मराठी मंडळानं ठरवलं, की आपल्या मुलामुलींना लग्न, पैसा आणि देशाचं नेतृत्व याबद्दल काय वाटतं ते मोजायचं, तर बहुतेक वेळा एक गुगल फॉर्म तयार होतो. तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर फिरतो, आठवडाभरात तीनेकशे उत्तरं जमतात आणि 'आपल्या तरुणांपैकी इतके टक्के' असं वाक्य स्मरणिकेत छापलं जातं. त्या वाक्यावर विसंबता येत नाही. टक्केवारीचं गणित बरोबर असतं, पण कोणाला विचारलं, काय विचारलं आणि कोणासमोर विचारलं, या तिन्ही ठिकाणी आकडा आधीच वाकलेला असतो.

उत्तरं जास्त जमवली की चूक कमी होते, हा समज फार पसरलेला आहे. अमेरिकेत १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका टपालानं धाडल्या. तेवीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यावरून लँडन जिंकणार असं भाकीत झालं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. नावं टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतलेली होती, म्हणजे मंदीच्या काळातही ज्यांना फोन आणि गाडी परवडत होती अशांची. शिवाय उत्तर धाडण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे यांची मतंही वेगळी होती. मंडळाच्या ग्रुपवर फिरलेल्या फॉर्मचं हेच होतं. मंडळात येणारी मुलंच तो भरतात. ज्यांना मंडळाशी घेणंदेणं उरलेलं नाही, त्यांचं मत तर सगळ्यात आधी कळायला हवं.

म्हणून पहिलं काम यादीचं. मतदार यादी त्यातल्या त्यात बरी: ती मतदान केंद्रानुसार भागांत विभागलेली असते, प्रत्येक भागात साधारण हजार-बाराशे नावं असतात, आणि नावापुढे वय, लिंग, घर क्रमांक असतो. दांडिया बाजार, वाडी, बाबाजीपुरा, रावपुरा या जुन्या वस्त्यांतले भाग घ्यावेत, तसेच मांजलपूर, कारेलीबाग अशा नंतर वाढलेल्या भागांतलेही घ्यावेत. नाहीतर वाड्यात राहिलेल्यांचं मत हेच फ्लॅटमध्ये गेलेल्यांचंही मत म्हणून खपेल. या यादीला भोकं आहेत. १८-१९ वर्षांच्या कितीतरी जणांनी नाव नोंदवलेलंच नसतं, आणि नोकरीसाठी पुण्याला किंवा शिकायला कॅनडाला गेलेल्यांची नावं घरच्या पत्त्यावर तशीच असतात. त्यामुळे यादीतून फक्त घर निवडावं आणि घरातला माणूस दारावर गेल्यावर ठरवावा. गेले सहा महिने त्या घरात राहणारे १८ ते २९ वयाचे सगळे जण कागदावर लिहायचे आणि ज्याचा वाढदिवस सर्वात अलीकडे होऊन गेला त्यालाच विचारायचं. तो घरी नसेल तर दुसऱ्या वेळी, मग तिसऱ्या वेळी जायचं; समोर बसलेल्या भावाला विचारून मोकळं व्हायचं नाही. जो दुपारी घरी सापडतो तो नोकरी करणाऱ्यापेक्षा वेगळा असतोच. नवरात्राच्या नऊ रात्री आणि परीक्षेचे महिने या कामाला निरुपयोगी.

मराठी घर ओळखायचं कशावरून? आडनावावरून ओळखण्याचा मोह होतो. तिथे दोन चुका होतात आणि दुसरी फार महागात पडते. जोशी, देसाई, पाठक मराठीत आहेत तसे गुजरातीतही आहेत. ही चूक दारावर एका प्रश्नात सुटते. पण जी मराठी मुलगी गुजराती घरात लग्न करून गेली, तिचं आडनाव यादीत बदललेलं असतं आणि ती निवडीतून गळते. जातीबाहेर, भाषेबाहेर लग्न केलेल्या मुलीच वगळून आपण 'मराठी मुलींना असं लग्न मान्य आहे का' याचा आकडा काढतो. तो आकडा खरा असण्याचं कारणच उरत नाही. उपाय असा: निवडलेल्या भागात आडनाव न पाहता ठरावीक अंतरानं घरं घ्यायची आणि प्रत्येक ठिकाणी 'लहानपणी घरात आईशी कोणत्या भाषेत बोलत होता?' एवढं विचारून पुढे जायचं की नाही ते ठरवायचं. चकरा कितीतरी पट वाढतात. त्या वाचवण्याचा प्रामाणिक मार्ग नाही.

किती जणांना विचारावं? चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ४०० जणांच्या उत्तरात चूक होण्याची मर्यादा, म्हणजे खरा आकडा किती वर-खाली असू शकतो ती, साधारण ±५ टक्के असते, १००० जणांत ±३ टक्के. हिशेब सोपा आहे: संख्येच्या वर्गमुळानं ९८ला भागा. पण घरं गटागटानं घेतली की हा हिशेब ढिला पडतो, कारण एका वस्तीतले लोक एकमेकांसारखा विचार करतात. २० भागांत प्रत्येकी २० जण घेतले आणि शेजाऱ्यांमधलं साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे सगळे एकसारखे) अगदी ०.०५ इतकं धरलं, तरी ४०० उत्तरांचं वजन २०५ उत्तरांएवढंच राहतं आणि मर्यादा ±७ टक्क्यांच्या घरात जाते. तेच ४० भागांत १० जण घेतले तर वजन सुमारे २७६ आणि मर्यादा ±६च्या आत. रिक्षाचं भाडं वाचवण्यासाठी एकाच पोळात (जुन्या शहरातल्या गल्लीवजा वस्तीत) पंचवीस मुलाखती उरकल्या, तर वाचलेले पैसे आकड्याच्या अचूकपणातून वळते होतात.

आता प्रश्नांकडे. ओडिशात किंवा ओहायोत, कुठेही विचारा, शब्द फिरवले की मत फिरतं. १९४१च्या सुमारास अमेरिकेत लोकांचे दोन सारखे गट घेतले. लोकशाहीविरोधी भाषणांना परवानगी द्यावी का, या प्रश्नाला एका गटातल्या ६२ टक्के लोकांनी नाही म्हटलं. अशा भाषणांवर बंदी घालावी का, याला दुसऱ्या गटात फक्त ४६ टक्के होय म्हणाले. कायद्याच्या दृष्टीनं दोन्ही उत्तरांचा परिणाम एकच. म्हणून नेतृत्वाच्या प्रश्नात 'खंबीर', 'कणखर' अशी विशेषणं आली की उत्तर आपण आधीच लिहून दिलेलं असतं. 'देशाचं नेतृत्व खंबीर आणि प्रामाणिक आहे का?' हे तर दोन प्रश्न आहेत; एकाला होय आणि दुसऱ्याला नाही म्हणणाऱ्यानं काय करायचं?

क्रमाचाही परिणाम होतो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकी विद्यार्थ्यांना 'आयुष्यात किती सुखी आहात?' आणि 'महिन्यात किती वेळा डेटवर जाता?' असे दोन प्रश्न विचारले. सुखाचा प्रश्न आधी विचारला तेव्हा दोन उत्तरांचा मेळ जवळपास नव्हताच (−०.१२). क्रम उलटा केल्यावर तो ०.६६पर्यंत चढला (पूर्ण मेळ म्हणजे १). नंतरच्या अभ्यासांत क्रमाचा परिणाम बऱ्याचदा याहून लहान निघाला, पण प्रश्नावली लिहिणाऱ्यानं सांभाळून राहावं इतका तो नक्की आहे. प्रेम, लग्न यांचे प्रश्न आधी आणि 'भविष्याबद्दल किती आशावादी आहात' हा नंतर ठेवला, तर नुकतंच नातं तुटलेला मुलगा देशाबद्दलही निराश ठरेल. सर्वसाधारण प्रश्न आधी घ्यावेत, मग पैसा, मग नाती. नेतृत्व शेवटी घ्यावं, कारण त्यावर कोणी चिडून उठून गेला तरी बाकीची उत्तरं हातात राहतात.

नात्यांच्या बाबतीत खोलीत कोण बसलंय यावर जवळजवळ सगळं अवलंबून असतं. आई चहा घेऊन आली की 'आंतरजातीय लग्नाला हरकत नाही' म्हणणारी मुलगी 'घरचे म्हणतील तसं' वर येते. १९९५ साली अमेरिकेत १५ ते १९ वयाच्या मुलांना समलिंगी संबंधांबद्दल विचारलं होतं. छापील कागदावर १.५ टक्के मुलांनी असा अनुभव सांगितला. हेडफोनवर प्रश्न ऐकून संगणकावर उत्तर देणाऱ्यांत तो आकडा ५.५ टक्के निघाला. आपल्याकडेही हे स्वस्तात करता येतं: प्रश्न मराठीत रेकॉर्ड करून टॅब आणि इअरफोन द्यायचे आणि आपण खिडकीशी जाऊन उभं राहायचं.

टॅब नसेल तर फासा पुरतो. स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ साली नाजूक प्रश्नांची उत्तरं झाकून मिळवण्याची पद्धत मांडली; तिचं हे सोपं रूप. उत्तर देणाऱ्यानं लुडोचा फासा आपल्यापुरता टाकायचा. १ पडला तर खरं काहीही असो, 'हो' म्हणायचं. ६ पडला तर 'नाही' म्हणायचं. २ ते ५ पडला तरच खरं उत्तर द्यायचं. प्रश्न समजा 'घरी न सांगता कोणाशी नातं आहे का?' असा आहे. ३०० जणांना विचारलं आणि १२० 'हो' आले. त्यातले सुमारे ५० फाशाचे. उरले ७०, आणि खरी उत्तरं देणारे सुमारे २००. म्हणजे ३५ टक्के. कोणा एकाचं गुपित सर्वेक्षकालाही कळत नाही, गटाचा आकडा मात्र मिळतो. त्याची किंमत अशी, की थेट विचारलं असतं तर मर्यादा ±५.४ टक्के राहिली असती, इथे ती ±८.३ होते. ही पद्धत बिघडते तेव्हा बहुधा एकाच कारणानं बिघडते: १ पडला तरी 'हो' म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून आधी 'आज पोहे खाल्ले का?' अशा निरुपद्रवी प्रश्नावर दोन फेऱ्या खेळून घ्याव्यात.

मत आणि वागणं यांत अंतर असतं, हे समाजशास्त्रज्ञ लापिएर यांनी १९३४ सालीच दाखवलं. एका चिनी जोडप्याबरोबर ते अमेरिकेत अडीचशे हॉटेलं-उपाहारगृहांत गेले आणि फक्त एका ठिकाणी नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्रानं विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी चिनी पाहुणे घेणार नाही असं कळवलं. आपल्याकडे हे अंतर बहुतेकदा उलट्या बाजूला झुकतं: तोंडानं उदार, वागण्यात सावध. भारत मानव विकास सर्वेक्षणात (२०११-१२) आंतरजातीय लग्नांचं प्रमाण सुमारे ५ टक्केच होतं. तेव्हा 'आंतरजातीय लग्न योग्य का?' एवढ्यावर थांबू नये. मित्रानं केलं तर, सख्ख्या बहिणीनं केलं तर, स्वतः करायचं झालं तर, अशी पायरी चढत जावी. होकार ज्या पायरीवर घसरतो, तिथे खरी माहिती मिळते.

पैशाबद्दल 'बचत महत्त्वाची वाटते का?' असं विचारू नका. कोणीही नाही म्हणत नाही. 'गेल्या सात दिवसांत किती खर्च केला?' असं विचारा आणि स्वतःचं यूपीआय ॲप उघडून, आपल्याला न दाखवता, बेरीज करू द्या. आठवणीतला आकडा आणि ॲपमधला आकडा दोन्ही लिहून घेतले तर त्यांतला फरक हेच एक चांगलं माप होतं. समज तपासायला लुसार्डी आणि मिचेल या अर्थतज्ज्ञांचे तीन प्रश्न जगभर वापरले जातात: चक्रवाढ, महागाई आणि जोखीम वाटून टाकणं. पहिला साधारण असा: खात्यात १०० रुपये, व्याज वर्षाला २ टक्के, पाच वर्षांनी १०२पेक्षा जास्त होतील, १०२च होतील की कमी? धीर मोजायचा तर जोडी लागते. आज १००० की महिन्यानं १२००? एक वर्षानं १००० की तेरा महिन्यांनी १२००? पहिल्यात आजचे हजार आणि दुसऱ्यात थांबून बाराशे निवडणारे बरेच असतात. त्यांना उधळे ठरवण्याआधी एक गोष्ट तपासावी: बाराशे खरंच मिळतील यावर त्यांचा विश्वास आहे का? ज्याच्या घरी भिशी बुडाली आहे, तो आजचे हजार घेतो, आणि शहाणपणानं घेतो.

नेतृत्वाच्या प्रश्नांत चार गोष्टी सुट्या ठेवाव्या लागतात: आजच्या सरकारच्या कामावर समाधान, एका नेत्यावरचा विश्वास, संसद-न्यायालय-निवडणूक आयोग या संस्थांवरचा विश्वास आणि लोकशाही हीच चांगली पद्धत आहे हे मत. राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड ईस्टन यांनी साठच्या दशकात कामगिरीवर मिळणारा पाठिंबा आणि व्यवस्थेवरची निष्ठा वेगळी मोजायला शिकवलं, ते यासाठीच. सरकारवर नाराज तरुण लोकशाहीवर नाराज असतोच असं नाही, आणि नेत्यावर खूश असलेला संस्था मानतोच असंही नाही. सर्वेक्षक त्या वॉर्डात पक्षाचं काम करणारा नसावा. उत्तर तोंडी न घेता चिठ्ठीवर घेऊन बंद पेटीत टाकायला लावावं.

शेवटी हिशेब. ४०० जणांत २६० मुलगे आणि १४० मुली सापडल्या, एका प्रश्नाला मुलग्यांत ३० टक्के आणि मुलींत ६० टक्के होकार आला, तर कच्ची सरासरी ४०.५ येते. वस्तीत दोघं निम्मे-निम्मे धरून वजन दिलं (मुलग्याला ०.७७, मुलीला १.४३) की ४५ टक्के होते. घरात पात्र व्यक्ती तीन असतील तर त्या उत्तराला तिप्पट वजन, हेही विसरू नये.

आणि 'हल्लीची पिढी' हे शब्द एका सर्वेक्षणावरून लिहिताच येत नाहीत. आज बावीस वर्षांचा मुलगा पन्नाशीच्या माणसापेक्षा वेगळं बोलतो, ते वयामुळे, त्याच्या पिढीमुळे की या वर्षीच्या परिस्थितीमुळे? एका वेळच्या आकड्यांत वय आणि पिढी वेगळी होत नाहीत. अमेरिकेत १९६५ साली शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांची मतं संशोधकांनी विचारली आणि त्याच मुलांना १९७३, १९८२ आणि १९९७ साली पुन्हा गाठलं, तेव्हा कुठे कोणती मतं वयाबरोबर सरकली आणि कोणती तरुणपणीच घट्ट झाली ते दिसू लागलं. बडोद्यात १९०४ साली सयाजीराव महाराजांच्या राज्यानं बालविवाहाला कायद्यानं आळा घातला तेव्हा मुलीचं किमान वय १२ आणि मुलाचं १६ होतं; लग्नाबद्दलची मतं इथे किती पिढ्या सरकत आली आहेत त्याचा तो एक टप्पा.

त्यामुळे पहिल्याच वेळी पुढच्या वेळची सोय करावी. प्रश्नांचे नेमके शब्द, क्रम, तारखा, किती दारं ठोठावली आणि किती उघडली, हे सगळं निकालाबरोबर छापावं. नाव आणि फोन उत्तरांपासून वेगळ्या फाइलमध्ये, सांकेतिक क्रमांकानं जोडलेले, एकाच माणसाच्या ताब्यात ठेवावेत आणि पुन्हा संपर्क करण्याची लेखी संमती तेव्हाच घ्यावी. १८च्या आतल्या मुलांना घ्यायचं असेल तर २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात पालकांच्या संमतीची तरतूद आहे; नात्यांचे प्रश्न असतील तर पहिल्या खेपेला १८ पासूनच सुरुवात केलेली बरी.