शेवटचा भाग तिकीट काढून

मालिकेवरून चित्रपट निघाला की तुलना बहुतेक वेळा लांबीवर येऊन थांबते. दहा तासांचं दोन तासांत काय उरलं, असं विचारलं जातं. जपानमध्ये मात्र मूळ गोष्ट आटवण्यापेक्षा पुढे नेण्याची पद्धत रुळली, आणि खरा वाद झाला तो शेवट कुठे दाखवायचा यावर.

सुरुवातीला तिथे दोन्ही माध्यमांचं वैरच होतं. बड्या चित्रसंस्था आपल्या करारबद्ध नटांना छोट्या पडद्यावर जाऊ देत नसत. तशी गरजही नव्हती, कारण १९५८ मध्ये वर्षाला ११२ कोटींवर तिकिटं खपत होती. त्याच वर्षी, युद्धगुन्हेगार ठरवून फाशी दिलेल्या एका न्हाव्याची कथा दूरचित्रवाणीवर गाजली आणि १९५९ मध्ये तिच्या लेखकानेच तिचा चित्रपट केला. पुढे प्रेक्षक घरात बसू लागले, तशी चित्रसंस्थांची भाषा मवाळ झाली.

१९६९ चा प्रसंग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘ओतोको वा त्सुराई यो’ ही २६ भागांची मालिका एका भटक्या फेरीवाल्याची. शेवटच्या भागात तो दूरच्या बेटावर विषारी साप पकडायला जातो आणि सर्पदंशाने मरतो. प्रेक्षक इतके चिडले की वाहिनीकडे निषेधाचा पाऊस पडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चित्रपट आला आणि त्यात हा माणूस जिवंत होता. बहिणीच्या भूमिकेतली नटी बदलली, नायक तोच राहिला. १९९५ पर्यंत त्याच नटाचे ४८ चित्रपट निघाले. मालिकेने संपवलेलं माणूस चित्रपटाने परत दिलं, तेही प्रेक्षकांच्या हट्टापायी.

आजची घडी बसली ती १९९७ नंतर. ‘ओदोरु दाइसोसासेन’ या ११ भागांच्या पोलिसी मालिकेत पाठलाग-गोळीबारापेक्षा मुख्यालय आणि साधं पोलीस ठाणं यांच्यातली कुरबुर जास्त होती. नायक नोकरी सोडून पोलिसात आलेला विक्रेता. १९९८ च्या चित्रपटाने सुमारे १०१० कोटी येन मिळवले आणि २००३ च्या दुसऱ्या भागाने सुमारे १७३५ कोटी. ॲनिमेशनपट सोडले, तर जपानी चित्रपटांमध्ये एवढी कमाई तोवर कुणाचीच नव्हती. निर्मितीत वाहिनी, वितरक, प्रकाशक, जाहिरातसंस्था अशा भागीदारांची समिती पैसे आणि धोका वाटून घेई. वाहिनी भागीदार असल्यामुळे प्रदर्शनाच्या आठवड्यात जुन्या भागांचं पुनःप्रक्षेपण, विशेष भाग, सकाळच्या गप्पांमध्ये कलाकार, असा सगळा गाजावाजा घरच्या घरी होई. २००१ च्या ‘हिरो’ या मालिकेचा चित्रपट २००७ मध्ये याच वाटेने आला आणि त्याने ८०० कोटी येन ओलांडले.

इथून वादाची गोष्ट सुरू होते. यश मिळताच कथेचा शेवटच चित्रपटगृहासाठी राखून ठेवण्याचा निर्णय रूढ झाला. ‘हाना योरी दांगो’च्या दोन मालिका झाल्या आणि २००८ च्या चित्रपटाच्या नावातच ‘फायनल’ आलं. ‘लायर गेम’ची दुसरी मालिका जानेवारी २०१० मध्ये संपली, तिच्यातल्या खेळाची अंतिम फेरी मार्चमध्ये मोठ्या पडद्यावर. ‘नोदामे कांताबिले’चा शेवट तर डिसेंबर २००९ आणि एप्रिल २०१० अशा दोन चित्रपटांत विभागला, म्हणजे शेवटासाठी दोन तिकिटं.

बाजू घेणारे म्हणतात, भव्य शेवटाला पैसा लागतो आणि प्रेक्षक तो आनंदाने देतात. आकडे त्यांच्या बाजूने आहेत. तरीही मला हे पटत नाही. फुकट दाखवलेल्या कथेत आठवडेच्या आठवडे गुंतलेल्या माणसाला ऐन वेळी दारात अडवणं हा भरवशाचा भंग आहे. शिवाय मालिका न पाहिलेल्या प्रेक्षकाला असा चित्रपट अर्ध्यातून सुरू झाल्यासारखा वाटतो. वेगळं करून दाखवलं ते ‘गॅलिलिओ’वाल्यांनी. मालिका २००७ ची. तिच्यात पदार्थवैज्ञानिक नायक सुचेल तिथे समीकरणं खरडत बसतो. २००८ च्या चित्रपटाने नट तेच ठेवले, नाव मात्र मूळ कादंबरीचं घेतलं आणि सगळं वजन शेजारणीला वाचवू पाहणाऱ्या गणिताच्या शिक्षकाकडे सरकवलं. मालिकेचा एकही भाग न बघता तो पूर्ण कळतो.

हाँगकाँगमध्ये २००९ साली फेरीवाल्याच्याच प्रकाराची पुनरावृत्ती झाली. एका पोलीस मालिकेतला लाफिंग हा छुपा पोलीस मारला गेला, प्रेक्षक खवळले आणि काही महिन्यांत त्याच्या आधीच्या आयुष्यावर चित्रपट आला. कोरियात ही वाट अरुंदच राहिली, कारण १६ भागांत गोष्ट पुरी करून टाकण्याची तिथली सवय. २०१४ च्या ‘बॅड गाइज’वरचा २०१९ चा चित्रपट हा अपवाद. चीनचं प्रकरण वेगळंच. २०१७ मध्ये ५८ भागांची एक मालिका आणि तिच्याच कथेवरचा चित्रपट काही महिन्यांच्या अंतराने आले. दोन्ही एकाच कादंबरीवरून निघालेले, नट वेगळे. चित्रपटाला मालिकेची नक्कल म्हणून झोडपणं तिथे अन्यायाचंच होतं.

१७३५ कोटींचा तो विक्रम अखेर २०२५ मध्ये मोडला. मोडणारा चित्रपट थेट कादंबरीवरून आलेला होता. त्याच्यामागे कुठलीही मालिका नव्हती.